अमीर अब्दुल कादिर आणि घरच्या शिशाच्या गोळ्या

अमीर अब्दुल कादिर अल-जझायरी यांचं नाव निघालं की आपल्याकडे लोक दमिश्कचा प्रसंग सांगतात. तो आम्हीही सांगणार आहोत, पण आधी शिशाची गोष्ट. ती फारशी कुणी सांगत नाही.

अमीरांचा जन्म १८०८ चा, अल्जेरियातल्या मुअस्कर शहराजवळचा. घराणं कादिरी तरीकतीचं, वडील मुहियुद्दीन मोठे आलिम. मुलगा लहानपणीच हाफिज झाला, वडिलांबरोबर हजला गेला, बगदादला गौसपाकच्या दर्ग्यावर हजेरी लावून आला. आयुष्य मदरशातच जायचं. पण १८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्स घेतलं आणि १८३२ मध्ये कबिल्यांनी या तरुणाच्या हातावर बैअत केली. वय अवघं चोवीस!

आता प्रश्न आला दारूगोळ्याचा. तेव्हाच्या हातबनावटीच्या बंदुकांच्या नळ्या सगळ्या एका मापाच्या नसत. म्हणून ज्याची बंदूक, त्याचा साचा. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवरही. वरची मळी काढायची, लोखंडी पळीने दोन पाखांच्या साच्यात ओतायचं, साचा उघडून गोळीची शेपटी कापायची. ऐकायला सोपं वाटतं. पण साचा गार असला की गोळीला सुरकुत्या पडतात, आणि नवख्या हाताने ओला साचा वापरला तर पाण्याची वाफ होऊन तापलं शिसं तोंडावर उडतं. शिवाय शिशाची धूळ आणि धूर अंगात भिनतो, मुलांना तर फारच वाईट. (कुणी घरी करून बघू नये, हे वेगळं सांगायला नको.)

अशा घरोघरच्या गोळ्यांवर छापे घालता येतात, कायमची फौज चालत नाही. तिला एका मापाच्या बंदुका लागतात. अमीरांना हे उमगलं होतं. हजच्या वाटेवर मिसरमध्ये मुहम्मद अलींची नवी व्यवस्था त्यांनी पाहिली होती. त्यांनी तिलिमसानला तोफा ओतायचा कारखाना काढला, ताकदमत आणि मिलियानाला बंदुकांचं काम सुरू केलं. कारागीर युरोपातूनही आणले, त्यात फ्रेंचसुद्धा होते. गंमत बघा, १८३७ च्या ताफना तहात अमीरांनी बारूद, गंधक आणि हत्यारं फ्रान्सकडूनच विकत घ्यायची असं कलम होतं. ज्याच्याशी लढायचं, त्याच्याच दुकानातून माल! दुसऱ्याच्या दुकानावर किती दिवस काढायचे? म्हणून स्वतःच्या कारखान्यांचा एवढा आटापिटा.

तो टिकला नाही. १८४१ मध्ये फ्रेंचांनी ताकदमत उद्ध्वस्त केलं, पुढच्या वर्षी तिलिमसानही गेलं. कारखाने गेल्यावर अमीर राजधानीच तंबूंत घेऊन फिरले. १८४३ मध्ये तीही लुटली गेली. कैद्यांना नीट वागवायचा त्यांचा सक्त हुकूम होता. तरी १८४६ मध्ये ते दूर असताना त्यांच्या छावणीत फ्रेंच कैदी मारले गेले. तो डाग आम्ही झाकत नाही. १८४७ च्या डिसेंबरात त्यांनी हत्यार ठेवलं. फ्रान्सने मुस्लिम मुलखात पाठवायचं वचन दिलं होतं, ते मोडून त्यांना १८५२ पर्यंत कैदेत ठेवलं.

सुटल्यावर आधी बुर्सा, मग १८५५ पासून दमिश्क. तिथे पुन्हा सबक, किताबं, शागीर्द. १८६० च्या जुलैत शहरात ख्रिस्ती मोहल्ल्यांवर जमाव तुटून पडला. त्याची चाहूल अमीरांना आधीच लागली होती. आपल्या अल्जेरियन माणसांसाठी त्यांनी हत्यारं मिळवून ठेवली, तीही फ्रेंच वकिलातीच्या मदतीने. पूर्वी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्याच मदतीने मिळालेल्या बंदुका घेऊन ही माणसं गल्लीबोळांत शिरली आणि हजारो ख्रिस्ती बायका-मुलांना बाहेर काढून आणलं. अमीरांचं घर माणसांनी भरलं, तेव्हा उरलेल्यांना किल्ल्यात पोचवलं. जमाव दारात येऊन ख्रिस्ती लोक मागू लागला, तेव्हा अमीर स्वतः पुढे गेले आणि एकालाही त्यांच्या हवाली केलं नाही.

१८८३ च्या मे महिन्यात त्यांचा दमिश्कमध्येच इंतकाल झाला. दफन शेख इब्न अरबींच्या शेजारी झालं. अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर त्यांचे अवशेष मायदेशी नेण्यात आले.