विष्णुशास्त्र्यांचा राजीनामा

शिक्षकाने नोकरी सोडणे ही वरवर पाहता लहानशी गोष्ट आहे. एक अर्ज लिहावयाचा, ठरलेली मुदत पुरी करावयाची, हातातील काम दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे आणि शाळेचा निरोप घ्यावयाचा. वर्गात काही दिवस हळहळ वाटते, मग नवे गुरुजी येतात आणि फळ्यावरची अक्षरे पूर्ववत उमटू लागतात. परंतु क्वचित् एखादा राजीनामा असा असतो की, त्यातून एक नवी शाळा जन्मास येते आणि त्या शाळेतून एका युगाचा आरंभ होतो. 1879 साली रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातील एका शिक्षकाने दिलेला राजीनामा हा त्या प्रकारचा होता. ते शिक्षक म्हणजे निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म 20 मे 1850 रोजी पुण्यास झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे नामांकित पंडित. संस्कृत, इंग्रजी आणि मराठी या तिन्ही भाषांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते आणि सरकारी शिक्षणखात्यात त्यांचा मोठा मान होता. घरात ग्रंथांची समृद्धी, विद्वानांची ये-जा आणि भाषेची सतत चर्चा. अशा वातावरणात विष्णुशास्त्री वाढले. पाठ्यपुस्तकांपेक्षा इतर वाचनाकडे त्यांचा ओढा अधिक होता. डेक्कन कॉलेजात शिकून 1872 साली ते बी. ए. झाले. परीक्षेतील यशाने ते कधी फारसे चमकले नाहीत. पण वाचलेला ग्रंथ पचवून स्वतःच्या भाषेत मांडण्याची त्यांची शक्ती विलक्षण होती. वडिलांनी हाती घेतलेली रासेलस व अरबी भाषेतील सुरस गोष्टी ही भाषांतरे पुढे नेण्यास त्यांचा हात लागला, आणि 1868 पासून शालापत्रक या मासिकाचे कामही ते पाहू लागले. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी या संस्कृत कवींवरचे त्यांचे निबंध याच मासिकातून वाचकांपुढे आले.

पदवी मिळाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. प्रथम पुण्यातील एका खाजगी शाळेत काही काळ शिकवून ते सरकारी हायस्कुलात लागले. त्या काळी सरकारी शाळेतील जागा म्हणजे मोठे भाग्य समजले जाई. महिन्याच्या महिन्यास पगार, वर्षांगणिक बढती, म्हातारपणी पेन्शन आणि समाजात प्रतिष्ठा, एवढे सर्व त्या एका जागेत सामावलेले असे. बी. ए. झालेले तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्यामुळे ही वाट त्यांना सहज मोकळी होती, आणि बहुतेक सर्व त्याच वाटेने जात.

विष्णुशास्त्रीही त्या वाटेवर होते. पण त्यांचे मन तेथे रमत नव्हते. जानेवारी 1874 मध्ये त्यांनी निबंधमाला हे मासिक सुरू केले. दिवसा शाळेत शिकवावे आणि उरलेल्या वेळात मालेचा अंक सिद्ध करावा, असा त्यांचा क्रम चालू झाला. सात वर्षांत मालेचे 84 अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या त्यांच्या लेखणीचा होता. मराठी भाषेची शुद्धी, इतिहासाचे महत्त्व, वाचनाचा व्यासंग, विद्वत्त्व आणि कवित्व, इंग्रज पंडित जॉन्सन याचे चरित्र, असे नाना विषय त्यांनी हाताळले. इंग्रजी शिकलेले लोक मराठीत लिहिणे कमीपणाचे मानीत, त्या काळात मराठी गद्य किती सामर्थ्यवान होऊ शकते हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु लेखणीची हीच धार त्यांच्या नोकरीशी जुळणारी नव्हती. परकी राज्यकर्ते आणि मिशनरी यांच्यावर ते निर्भयपणे टीका करीत, आणि पगार तर त्याच सरकारचा घेत. शालापत्रकातील लेखनाविषयी सरकारी रोष होऊन 1875 साली ते मासिक बंद पडले. पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीस बदली झाली. ग्रंथालये, मित्रमंडळ आणि छापखाने यांपासून ते दूर पडले. 1878 साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा लॉर्ड लिटन यांनी केला. दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले आणि पुण्यातील सुशिक्षितांकडे सरकार संशयाने पाहू लागले. अशा काळात सरकारी नोकराने स्पष्ट बोलणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता.

याच सुमारास त्यांच्यावर घरचीही आपत्ती कोसळली. 1878 च्या मे महिन्यात कृष्णशास्त्री वारले आणि कुटुंबाची जबाबदारी वडील मुलाच्या खांद्यावर आली. व्यवहारी माणसाने अशा वेळी नोकरीस अधिकच घट्ट धरले असते, आणि तसे केले असते तर कोणीही त्यास दोष दिला नसता. विष्णुशास्त्र्यांनी नेमके उलट केले. 1879 साली त्यांनी राजीनामा दिला. वयाची तिशीही उलटलेली नव्हती. पुढच्या बढत्या, पेन्शन आणि निश्चिंती यांवर त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी सोडले.

हा राजीनामा रागाच्या भरात दिलेला नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अपमान झाला म्हणून किंवा दुसरीकडे अधिक पगार मिळतो म्हणून त्यांनी शाळा सोडली नाही. शिकवण्याचा कंटाळा आला म्हणूनही नाही. कारण एक शाळा सोडून ते दुसरी शाळाच काढावयास निघाले होते. सरकारी मदतीवर व हुकुमावर न चालणारी, आपल्या लोकांनी आपल्या मुलांसाठी चालवलेली शाळा पुण्यात काढावी, हा त्यांचा संकल्प होता. त्यामागे अनेक वर्षांचा विचार होता.

सुदैवाने याच वेळी डेक्कन कॉलेजातील दोन तरुणांच्या मनात तोच विचार घोळत होता. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे ते दोघे. विष्णुशास्त्री नोकरी सोडून पुण्यास येत आहेत हे कळताच ते त्यांस भेटले आणि बेत पक्का झाला. ठरलेल्या मंडळींपैकी काहीजण ऐन वेळी येऊ शकले नाहीत, आगरकरांची एम. ए. ची परीक्षा व्हावयाची होती. तरीही दिवस पुढे ढकलला गेला नाही. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. माधवराव नामजोशी यांच्यासारखा उद्योगी कार्यकर्ता मिळाला, संस्कृत पंडित वामन शिवराम आपटे त्याच वर्षी येऊन मिळाले, आणि परीक्षा आटोपून आगरकरही दाखल झाले. पोटापुरते घ्यावे आणि बाकीचे आयुष्य शाळेस द्यावे, ही त्या मंडळींची वृत्ती होती. सरकारी शाळांतील मोठ्या पगाराच्या जागा ज्यांना सहज मिळाल्या असत्या, अशी ही माणसे होती.

नोकरीतून सुटलेल्या विष्णुशास्त्र्यांच्या कार्यास जणू पंख फुटले. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, किताबखाना हे त्यांच्या खटपटीतून उभे राहिलेले उद्योग. 1881 च्या जानेवारीत इंग्रजीत मराठा आणि मराठीत केसरी ही वृत्तपत्रे सुरू झाली, त्यांतही ते अग्रभागी होते. निबंधमालेच्या अखेरीस त्यांनी लिहिलेला आमच्या देशाची स्थिति हा निबंध इतका जहाल होता की, पुढे 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली आणि ती 1937 पर्यंत उठली नाही. सरकारी शाळेत राहून असा निबंध लिहिणे त्यांस शक्य झाले नसते.

मात्र आयुष्याने त्यांस फार अवधी दिला नाही. 17 मार्च 1882 रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नसता, त्यांचा अंत झाला. राजीनाम्यानंतरची त्यांची वर्षे तीनसुद्धा भरली नाहीत. त्यानंतर काही महिन्यांतच कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तरीही शाळा बंद पडली नाही. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले.

या थोर पुरुषाच्या चरित्रात उणे काहीच नव्हते असे म्हणणे सत्यास सोडून होईल. जोतीराव फुले, लोकहितवादी आणि समाजसुधारणेचे इतर पुरस्कर्ते यांच्यावर त्यांनी केलेली टीका अनेकदा बोचरी आणि अन्यायाची होती. स्त्रिया व वंचित वर्ग यांच्या शिक्षणासाठी फुल्यांनी जे कष्ट उपसले, त्यांचे मोल विष्णुशास्त्र्यांना कळले नाही. स्वतः काढलेल्या शाळेतील सहकारी आगरकर हेच पुढे सुधारणेचे खंदे कैवारी झाले, हा काळाचा न्यायच म्हणावा लागेल.

त्याच संस्थेच्या इतिहासात पुढे आणखी एक राजीनामा आला. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाईची कामे करावी की नाही, या प्रश्नावर मतभेद विकोपास जाऊन 1890 साली टिळकांनी संस्था सोडली. आगरकर मात्र 1895 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही आपल्या उमेदीची वर्षे तेथे घालवून 1902 साली निरोप घेतला. कोणी सोडून गेला, कोणी अखेरपर्यंत राहिला. पण प्रत्येकाने आपल्या निर्णयाची किंमत स्वतः मोजली.

आपल्या शाळेतील एखादे आवडते गुरुजी निघून जातात तेव्हा आपणांस वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी विष्णुशास्त्र्यांची आठवण करावी. राजीनाम्याच्या कागदावर दोन-चार ओळीच असतात. त्याची योग्यता त्यानंतर माणूस काय करतो यावरून ठरते. लोकांच्या वर्गणीतून आणि शिक्षकांच्या त्यागातून महाराष्ट्रात व त्याबाहेर ज्या मराठी शाळा उभ्या राहिल्या, त्यांना मोरोबादादांच्या वाड्यातील त्या पहिल्या दिवसाने वाट दाखवली. त्या वाटेचा आरंभ रत्नागिरीच्या एका शिक्षकाने सोडलेल्या खुर्चीपाशी होतो, हे आपण विसरू नये.