शरीराविषयी प्रश्न विचारण्याची मुभा : रघुनाथ धोंडो कर्वे

मराठी माणसाला कर्वे म्हटले की प्रथम आठवतात ते महर्षी धोंडो केशव. हिंगण्याचा आश्रम, विधवांचे शिक्षण, महिला विद्यापीठ, १९५८ मधील भारतरत्न ही यादी शाळेच्या पुस्तकापासून पाठ असते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचे नाव मात्र त्यांच्या हयातीत अनेक सुशिक्षित घरांत दबक्या आवाजातच घेतले जाई. वडिलांनी स्त्रीच्या शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला, मुलाने तिच्या शरीराचा. पहिल्या कामाला समाजाने उशिरा का होईना मान दिला. दुसऱ्या कामापायी रघुनाथरावांची नोकरी गेली, त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली आणि अखेरपर्यंत पैशाची चणचण सोसावी लागली. तरीही १९२१ ते १९५३ या बत्तीस वर्षांत त्यांनी आपले म्हणणे सौम्य केले नाही.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील, दापोलीजवळच्या मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये आई राधाबाई तिशीच्या आत निवर्तल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी कुटुंबावर बहिष्कार घातला. रूढीविरुद्ध पाऊल टाकले की आपलीच माणसे कशी पाठ फिरवतात, हे या मुलाने घरातच पाहिले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा मार्ग धरला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. पुरावा मागण्याची आणि पायरी न गाळता निष्कर्षाकडे जाण्याची गणिती सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनात उतरली.

पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच त्यांना उत्तम अवगत होती. युरोपात त्या वेळी कुटुंबाचा आकार, लैंगिक आरोग्य आणि स्त्रीचे स्वातंत्र्य या विषयांवर जी चर्चा चालू होती, ती त्यांना मूळ ग्रंथांतून वाचता आली. भारतात परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. देशातील ते अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. त्याआधी पाच वर्षे, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्गारेट सँगर यांनी उघडलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. मुंबईतील एक मराठी प्राध्यापक जगातील या पहिल्या मोजक्या प्रयत्नांच्या बरोबरीने चालला होता.

या कामाची निकड समजण्यासाठी त्या काळचे घर डोळ्यांपुढे आणावे लागते. मुलीचे लग्न लहानपणीच होई. पंधरा-सोळाव्या वर्षी पहिले बाळंतपण, आणि त्यानंतर अंगावरचे मूल सुटते न सुटते तोच पुढचे. प्रतिजैविके नव्हती, रक्त देण्याची सोय नव्हती, आणि बाळंतरोगाने बाई गेली तर तो नशिबाचा भाग समजला जाई. अशक्तपणा, सततचा रक्तस्राव, अंग बाहेर येणे अशी दुखणी बायका वर्षानुवर्षे न बोलता सोसत. पुढचे मूल हवे की नको, हवे तर कधी, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नसे. कर्वे यांच्या मते हा निर्णय सर्वप्रथम स्त्रीचा होता, कारण त्याची किंमत तिचे शरीर मोजत होते.

हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. पत्नी मालती, म्हणजे लग्नापूर्वीच्या गंगू गोखले, या कामात त्यांच्या बरोबर होत्या. परपुरुषापुढे शरीराविषयी बोलणे ज्यांना अशक्य होते, त्या बायकांसाठी मालतीबाईंचे असणे फार मोलाचे होते. या दांपत्याने स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला आणि त्यावरून ऐकावे लागणारे टोमणे दोघांनी सोसले.

१९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. साधने कोणती, ती कशी वापरावीत, कोणते उपाय निरुपयोगी आहेत, हे त्यात सरळ मराठीत मांडले होते. ख्रिस्ती मिशनच्या व्यवस्थापनाखालील महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाने असे काम करणे मानवणारे नव्हते. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये कर्वे यांनी नोकरी सोडली. चाळिशी ओलांडलेल्या, गणितात नाव असलेल्या माणसाने स्थिर पगार सोडून निंदेचा धंदा पत्करला, असे अनेकांना वाटले. त्यांना मात्र यात त्यागाचा आव आणावासा वाटला नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. नाव विचार करून ठेवलेले होते. आरोग्य म्हणजे ताप आणि खोकला एवढेच नाही. माणसाचे कामजीवन, आहार, लज्जेच्या कल्पना आणि विवाहसंस्था यांचाही त्याच्याशी संबंध असतो, अशी त्यांची धारणा होती. मासिकाचे लेखन, संपादन आणि व्यवहार यांचा बहुतेक भार ते स्वतःच वाहत. वर्गणीदार थोडे आणि जाहिरातदार त्याहून थोडे, अशी स्थिती असूनही अंक सव्वीस वर्षे निघत राहिला.

मासिकाचा प्राण होता तो वाचकांच्या पत्रांत. मासिक पाळी, गर्भधारणा, नपुंसकत्व, गुप्तरोग, हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवर लोक त्यांना विचारत. घरात विचारता येत नाही, वैद्यापुढे तोंड उघडत नाही आणि मित्रांकडून चुकीचेच कळते, अशी या माणसांची कोंडी होती. कर्वे त्यांना उपदेश करत नसत. शास्त्राला जे माहीत आहे ते सांगत आणि निष्कारण बाळगलेली भीती काढून टाकत. हस्तमैथुनाने शक्तिपात होऊन आयुष्य संपते या समजुतीने तरुणांच्या कितीतरी पिढ्या आतल्या आत झुरल्या. या भीतीला आधार नाही, असे मराठीत छापून सांगणारे ते फार थोड्यांपैकी एक होते.

शरीराच्या लज्जेवरही त्यांनी थेट बोट ठेवले. मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. त्यावरून पुष्कळ गदारोळ झाला. शरीर हे मुळात घाण किंवा लाजिरवाणे नाही, ती लाज शिकवली जाते, ही त्यांची भूमिका होती. स्त्री आपल्या देहाकडे केवळ दुसऱ्याच्या नजरेतून पाहत राहिली, तर त्याची दुखणीही ती लपवणार, हे त्यांच्या सगळ्या मांडणीतून निघणारे अनुमान आहे. १९३४ मध्ये ‘आधुनिक कामशास्त्र’ आणि १९३८ मध्ये ‘आधुनिक आहारशास्त्र’ ही पुस्तके त्यांनी लिहिली. एकच लेखक या दोन विषयांवर लिहितो, यात त्यांना काहीच विसंगत वाटले नाही. ताटातले अन्न आणि शयनगृहातले सुख, दोन्ही त्यांच्या लेखी आरोग्याचेच विषय होते, आणि दोन्हींत परंपरेपेक्षा पुराव्याचा शब्द अखेरचा होता.

अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले व्हायचे ते झालेच. १९३१ मध्ये व्यभिचारावरील एका लेखासाठी त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनातल्या शंकांना ज्ञानानेच उत्तर द्यावे लागते, या दिशेने बाबासाहेबांनी युक्तिवाद केला. निकाल विरुद्ध गेला आणि दंड झाला दोनशे रुपये. दंड भरून कर्वे पुढच्या अंकाच्या कामाला लागले.

विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. महात्मा गांधींना संततिनियमनाची कृत्रिम साधने मान्य नव्हती. संयम हाच त्यांचा उपाय होता. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, तरी दोघांचे एकमत झाले नाही. संयमाचा उपदेश नवऱ्याने मानला नाही तर बायकोने काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या भूमिकेत मिळत नव्हते. कर्वे यांचा आक्षेप नेमका इथे होता. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला, पण कर्वे यांचा विषय विधिमंडळाच्या पटलावर आला होता.

कर्वे यांचा स्वभाव मवाळ नव्हता. देव, धर्म, विवाह यांवर ते इतक्या परखडपणे लिहीत की, संततिनियमन पटणारे लोकही त्यांच्यापासून दूर राहत. थोडे नमते घेतले असते तर कदाचित अधिक घरांपर्यंत पोहोचता आले असते, असे आजच्या वाचकाला वाटू शकते. शास्त्र पुढे गेल्यामुळे त्यांनी दिलेली काही माहिती आता जुनीही झाली आहे. मात्र अर्धवट सत्य सांगून लोकप्रिय होण्याचा मार्ग त्यांनी कधी धरला नाही.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतरची नऊ वर्षे रघुनाथरावांनी एकटेपणात काढली, तरी अंक काढणे थांबवले नाही. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी त्यांची नोकरी गेली होती, ते आता सरकारचे धोरण झाले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला. वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे जगले आणि शंभरी पार करून गेले. मुलाच्या नावाभोवतीचे मौन सुटायला मात्र बराच काळ लागला. २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, तेव्हा अनेक मराठी प्रेक्षकांना कर्व्यांच्या घरातील हा दुसरा सुधारक पहिल्यांदाच नीट भेटला.

आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या आयुष्याचा धागा आपल्या आसपासही सापडू शकतो. ओमानने १९९४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेतून जननांतराचा, म्हणजे दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आईची झीज भरून निघावी आणि अंगावरच्या मुलाला पुरेसे दूध व लक्ष मिळावे, हा त्यामागचा विचार. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बातिना किनाऱ्यावर, सोहारच्या अलीकडे असलेल्या सहमसारख्या मासेमारी आणि शेतीच्या गावातही आज ही गोष्ट दवाखान्यात सरळ बोलण्याची झाली आहे. शतकापूर्वी मुंबईत तीच सांगताना एका प्राध्यापकाची जागा गेली होती.

साधने आली, कायदे बदलले, दवाखाने जवळ आले. संकोच मात्र सामानाबरोबर परदेशीही येतो. सहम असो वा सोहार, नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरात आजी, मावशी, काकू नसतात. मुलगी वयात येते तेव्हा तिच्याशी बोलणारी एकटी आईच असते, आणि तिच्याशीही तिची आई कधी बोललेली नसते. पाळीतला जास्तीचा रक्तस्राव ‘असेच असते’ म्हणून चालवून घेतला जातो. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटावरून घरातच चेष्टा होते, पण त्याच बाईचे हिमोग्लोबिन किती आहे हे कोणी विचारत नाही. चाळिशीनंतरची स्तनांची तपासणी पुढच्या सुट्टीवर ढकलली जाते. नवऱ्याला स्वतःच्या तक्रारीसाठी डॉक्टरपुढे बसणे कमीपणाचे वाटते. मुलगा मोबाइलवर जे शोधतो, त्यातले खरे किती आणि बाजारू किती, हे त्याला सांगणारे कोणी नसते.

अशा माणसांसाठी कर्वे यांनी सव्वीस वर्षे एक पत्ता खुला ठेवला होता. तिथे प्रश्न लिहून पाठवला की उत्तर येई, आणि विचारणाऱ्याला कोणी हसत नसे. मराठी घरातल्या जेवणाच्या टेबलाशी तेवढी सोय करून ठेवायला आज ना छापखाना लागतो ना वकील.