मिठातून सोडा काढणारा माणूस

द्रोणागिरीत आज उंच इमारती उभ्या आहेत. उरण-पनवेलच्या या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती आणि मिठागरे होती. खाडीचे पाणी आगरात घ्यायचे, उन्हावर आटवायचे, मीठ काढायचे, हा इथला पिढीजात धंदा. आता त्याच भागातल्या स्वयंपाकघरांत खायच्या सोड्याचा पुडा ढोकळ्यापुरता राहिलेला नाही. सिंक, ओटा, फ्रिज, चहाचे डाग पडलेले कप, सगळ्याला तो लागतो, आणि तो वापरणे म्हणजे नैसर्गिक स्वच्छता असे समजले जाते. सोड्याचा कच्चा माल मीठच. मात्र मिठाचा स्वस्त सोडा ऊन-वाऱ्याने झाला नाही. त्यासाठी अर्नेस्ट सॉल्व्हे या बेल्जियन माणसाला तारुण्याची उमेदीची वर्षे आणि घरची पुंजी पणाला लावावी लागली.

निसर्गात सोडा नाहीच असे नव्हे. महाराष्ट्रात तो लोणारला आहे. तिथल्या सरोवराचे पाणी चांगलेच अल्कधर्मी असून, उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षार जमतो. तो गोळा करून विकण्याचा धंदा तिथे दीर्घकाळ चालला. साबण आणि काच यांना लागणारे जिन्नस लोणारच्या परिसरात मिळतात, ही नोंद ऐने अकबरीतही आहे. पण एका सरोवराने किती भागणार? युरोपात तर समुद्रकाठच्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून सोडा काढत. साबण, काच आणि कापडाच्या गिरण्यांची भूक वाढली, तशी ही राख पुरेना.

सॉल्व्हेच्या आधी हे कोडे निकोला लब्लां या फ्रेंच शल्यवैद्याने सोडवले होते. 1791 मध्ये त्याला पेटंट मिळाले. पुढे राज्यक्रांतीत त्याचा कारखाना गेला, कृती जगजाहीर झाली आणि 1806 मध्ये त्या खचलेल्या माणसाने स्वतःला संपवले. त्याची पद्धत मात्र जोरात चालली. मिठावर गंधकाम्ल, मग चुनखडी आणि कोळशाबरोबर भट्टी. या पद्धतीत 8 टन सोड्यामागे सुमारे साडेपाच टन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि 7 टन दुर्गंधी गाळ निघे. भोवतालची झाडे करपत, माणसे खोकत. अखेर ब्रिटनला 1863 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. घरातली स्वच्छता अशी कारखान्याशेजारच्या माणसांच्या छातीवर चालली होती.

अर्नेस्टचा जन्म 16 एप्रिल 1838 रोजी ब्रुसेल्सजवळच्या रेबेक गावचा. वडिलांचा खाणीचा आणि मिठाचा व्यवसाय. मुलगा हुशार, रसायनशास्त्राचे वेड असलेला. पण ऐन शिक्षणाच्या वयात त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. विद्यापीठात जाणे राहिले ते कायमचेच. विशीच्या सुमारास तो काकांच्या गॅस कारखान्यात कामाला लागला. तिथे दगडी कोळशापासून गॅस करताना अमोनियाचे पाणी निघे आणि त्याचे करायचे काय, हा प्रश्न असे. त्या पाण्याशी खटपट करता करता त्याच्या लक्षात आले की, अमोनिया मिसळलेल्या मिठाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की पांढरा साका खाली बसतो. हा साका म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आपला खायचा सोडा. तो तापवला की धुण्याचा सोडा तयार होतो.

1861 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने पेटंट घेतले. नंतर कळले की ही अभिक्रिया आधीच ठाऊक होती आणि ती धंद्यात उतरवताना अनेकांचे हात पोळले होते. विद्यापीठात गेला असता, तर कदाचित हे आधीच कळून त्याने नाद सोडला असता! पण आता तो थांबला नाही. भाऊ आल्फ्रेडला घेऊन त्याने 1863 मध्ये कुये इथे कारखाना उभारायला घेतला. यंत्रे बिघडत, महाग अमोनिया निसटून जाई. 1865 पर्यंत दिवाळे निघायची वेळ आली होती. घरच्यांनी पाठ सोडली नाही म्हणून तो तगला.

अभिक्रिया जुनी असली, तरी तिला धंद्यात उभी करणारी युक्ती सॉल्व्हेची. उंच मनोरा, वरून अमोनियायुक्त खारे पाणी खाली येते, खालून वायू वर चढतो, वाटेत दोघांची गाठ पडते. उरलेल्या द्रवातून चुन्याच्या साहाय्याने अमोनिया परत मिळवून पुन्हा वापरायचा. त्यामुळे खर्च होतात ते मुख्यतः मीठ, चुनखडी आणि इंधन. सोडा स्वस्त झाला, लब्लांच्या भट्ट्या विझत गेल्या. ही पद्धतही निर्मळ नव्हेच. जवळपास सोड्याइतकेच कॅल्शियम क्लोराइड उरते. अमेरिकेत सिरॅक्यूजजवळचे ओनोंडागा तळे ज्या कारखान्यांमुळे बिघडले, त्यांत या सोड्याचा कारखानाही होता.

भारतात हे तंत्र सहज आले नाही. मूठभर कंपन्यांनी त्यातले बारकावे गुप्त ठेवले होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूरला कपिलराम वकील यांच्या पुढाकारातून 1939 मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली, तेव्हा बरेच काही इथल्या माणसांनाच जुळवावे लागले.

सॉल्व्हेच्या मनोऱ्यातला कच्चा साका खाण्याजोगा नसतो, त्यात अमोनिया राहतो. म्हणून तयार सोडा पाण्यात विरघळवून, पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडून शुद्ध बायकार्बोनेट काढतात. ते सौम्य अल्क आहे. तेलकटपणा सैल करते, आंबट वास मारते, बारीक कणांमुळे काच फारशी न चरचरता घासते. व्हिनेगर ओतल्यावर फसफसते खरे, पण त्यात दोघेही एकमेकांना निकामी करतात आणि बरेचसे पाणीच उरते. ॲल्युमिनियमची भांडी त्याने काळवंडतात. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. चेहऱ्यावर रोज चोळणेही नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, ती कोरडी पडते. आणि पित्तावर घरगुती उतारा म्हणून चमचाभर सोडा घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी तर जपावे. चहाच्या एका चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2 ग्रॅमची आहे.

सोड्याने सॉल्व्हे अफाट श्रीमंत झाला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्याच्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस, निवृत्तिवेतन, भरपगारी रजा आली होती. ब्रुसेल्समध्ये त्याने शरीरक्रियाशास्त्राची आणि समाजशास्त्राची संस्था काढली. 1911 मध्ये त्याच्या पैशाने भरलेल्या परिषदेला आइन्स्टाइन, प्लांक, मारी क्युरी एकत्र बसले. त्यांच्यापुढे यजमानाने पदार्थ आणि गुरुत्वाकर्षणाविषयीचा आपला स्वतःचा सिद्धान्तही मांडला. पाहुण्यांनी तो सभ्यपणे ऐकून घेतला, इतकेच.

26 मे 1922 रोजी तो गेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन. छातीच्या दुखण्याने ज्याची शाळा सुटली, त्याला पुढे आल्प्स चढण्याचा नाद लागला होता. मॅटरहॉर्नच्या कड्यावर 4003 मीटर उंचीवर, वादळात सापडलेल्या गिर्यारोहकांना टेकायला त्याने दिलेल्या देणगीतून एक लाकडी खोपट बांधलेले आहे. ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.