मेणवलीचा वाडा आणि नाना फडणीस

सातारा जिल्ह्यात, वाई क्षेत्रापासून कृष्णेच्या काठाने कोसभर गेले की मेणवली हे गाव लागते. दगडी घाट, घाटावरील दोन देवालये आणि त्यांच्या मागे उभा असलेला सहा चौकांचा भव्य वाडा हे या गावाचे वैभव होय. हा वाडा बांधला मराठी राज्याचे विख्यात कारभारी बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणीस यांनी.

भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. १७५६ साली पितृछत्र हरपले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी पेशव्यांची फडणिशी नानांकडे आली. राज्याच्या जमाखर्चावर देखरेख ठेवणे, हिशेब तपासणे, सनदा व दप्तर सांभाळणे हे या पदाचे काम. तलवारीपेक्षा लेखणीशीच त्यांचा संबंध अधिक आला व अखेरपर्यंत तसाच राहिला.

१७६१ साली पानिपतावर मोठा अनर्थ ओढवला. तीर्थयात्रेच्या हेतूने सैन्यासमवेत गेलेल्या मातोश्री या प्रलयात कायमच्या अंतरल्या. नाना वेषांतर करून, पायी वाट तुडवीत कसेबसे बचावले. त्या काळापर्यंतचे आपले छोटेसे आत्मवृत्त त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यावरून या आघाताने त्यांचे मन किती अंतर्मुख झाले होते ते कळते.

थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६८ साली, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनःश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना दिले. तेथे नानांनी कृष्णेला घाट बांधला, मेणेश्वर महादेवाचे व विष्णूचे अशी दोन देवालये उभारली आणि राहण्यासाठी वाडा बांधला. भिंतींवर चित्रे रेखाटली गेली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज चर्चांतील घंटा महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवस्थानांत गेल्या. त्यांपैकी १७०७ साल कोरलेली, बालयेशूसह मेरीची आकृती असलेली एक पंचधातूची घंटा येथील देवालयाजवळ आजही टांगलेली आहे.

या निवांत वास्तूत राहण्याचे सुख मात्र नानांच्या वाट्यास फारसे आले नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. तेव्हा सखारामबापू बोकील, हरिपंत फडके इत्यादिकांसह नानांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावे राज्य राखले. १७७९ साली वडगाव येथे इंग्रजांस नमते घ्यावे लागले, १७८२ साली सालबाईचा तह झाला, १७९५ साली खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. या साऱ्या काळात देशोदेशीच्या वकिलांची व बातमीदारांची पत्रे नानांकडे येत आणि त्यांवरून पुढची पावले ठरत. प्रतिस्पर्ध्यांवर कठोर नजर ठेवण्याचा व सत्ता आपल्या हाती एकवटण्याचा दोषही त्यांच्या पदरी बांधला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

खर्ड्याच्या विजयानंतर अवघ्या काही महिन्यांत सवाई माधवराव निवर्तले आणि नानांचे दिवस पालटले. १७९६ साली त्यांना पुणे सोडून वाईकडे व तेथून महाडला आश्रय घ्यावा लागला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद केले व अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढील वर्षी सुटका होऊन ते पुन्हा कारभारात आले, परंतु प्रकृती खचली होती. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

मागे पुत्र नव्हता. पत्नी जिऊबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या. दुसऱ्या बाजीरावाने त्यांना नजरकैदेत ठेवले. पुढे नानांचा एकनिष्ठ किल्लेदार धोंडोपंत निजसुरे याने लोहगडावर त्यांना आसरा दिला. १८०४ साली जनरल वेलस्ली यांच्या मध्यस्थीने सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक मिळून त्या पनवेलीस गेल्या. पेशवाई बुडाल्यावर त्यांनी मेणवलीच्या वाड्यात वास्तव्य केले, माधवराव या दत्तक पुत्राच्या रूपाने घराणे चालू ठेवले आणि १८५४ साली देह ठेवला. ज्या बालविधवेस साऱ्या राज्यात थारा नव्हता तिनेच पतीचे घर राखले, ही गोष्ट विसरता येत नाही.

घराबरोबर कागदही राखले गेले. बाजीरावाच्या काळात पुण्याच्या सरकारी दप्तराची आबाळ झाली. १८२८ साली शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. नानांच्या हातून गेलेल्या आलेल्या पत्रांची रुमाले मात्र मेणवलीच्या वाड्यात शाबूत राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मोडी कागद अभ्यासकांपुढे आणले आणि मेणवली दप्तर या नावाने ते इतिहासाचे मोठे साधन ठरले.

वाडा पुढेही नानांच्या वंशजांकडेच राहिला. नानांची सत्ता त्यांच्याबरोबर संपली, राज्य अठरा वर्षांत लयास गेले. उरले ते नदीकाठचे देव, ज्यात दिवा लागत राहिला ते घर आणि कोणी फेकून न दिलेले कागद. आज नानांच्या गुणदोषांचा न्याय करावयाचा तो याच कागदांच्या आधारे. जुन्या घरांच्या माळ्यांवर आणि देवस्थानांच्या पेट्यांत पडून असलेल्या बाडांची योग्यता मेणवलीच्या या वाड्यावरून ध्यानी येते.