वादळाच्या आधी पोचणारी तार: रॉबर्ट फिट्झरॉय

पहिल्यांदाच किनारा सोडून बोट खोल समुद्रात न्यायची असेल तर आज आपण काय करतो? मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघतो, आणि वारा जास्त दिसला तर बेत पुढे ढकलतो. ही सोय सुरू करणाऱ्यांत पहिलं नाव रॉबर्ट फिट्झरॉय यांचं (१८०५–१८६५). चार्ल्स डार्विनना घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचे हेच ते कॅप्टन.

बीगल त्यांच्याकडे आलं तेव्हा वय फक्त २३. लगेच जानेवारी १८२९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बॅरोमीटरचा पारा उतरत होता, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. 'पाम्पेरो' वादळ आदळलं आणि दोन खलाशी गेले.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना नव्या हवामान खात्याचं प्रमुख केलं. काम तसं कंटाळवाणं, जहाजांच्या नोंदी गोळा करण्याचं. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारं 'रॉयल चार्टर' वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं. चारशेहून जास्त माणसं मेली, तीही घरापासून हाकेच्या अंतरावर.

फिट्झरॉय यांची आयडिया साधी होती: वादळापेक्षा तार वेगाने धावते. किनाऱ्यावरच्या केंद्रांतून हवेचा दाब, तापमान, वारा यांचे आकडे रोज तारेने लंडनला यायचे. धोका दिसला की बंदरांना उलट तार जायची आणि तिथे खांबावर शंकू किंवा पिंप चढायचं. शंकूचं टोक वर म्हणजे उत्तरेकडून वादळी वारा, खाली म्हणजे दक्षिणेकडून. थोडक्यात सेन्सर, सर्व्हर आणि नोटिफिकेशन! हे फेब्रुवारी १८६१ मध्ये सुरू झालं, आणि १ ऑगस्टला 'द टाइम्स'मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला अंदाज छापून आला. (आपल्या बंदरांवर लागणारा 'तीन नंबरचा बावटा' याच जातीचा.)

अंदाज चुकायचेही. कॉम्प्युटर नव्हता, अटलांटिकमधून आकडे मिळत नव्हते, सगळं अनुभवावर. पण खोटा इशारा मिळाला तर मच्छीमाराचा एक दिवस बुडतो आणि इशारा मिळालाच नाही तर बोट बुडते. हा हिशोब टीकाकारांनी नीट मांडला नाही, असं मला वाटतं. टीका, थकवा आणि नैराश्य यांत ३० एप्रिल १८६५ रोजी फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली.

१८६६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून इशारे बंद करवले. खलाशांना ते हवेच होते. पुढच्याच वर्षी इशारे परत सुरू झाले, वर्तमानपत्रातले अंदाज मात्र १८७९ मध्ये. ब्रिटिश सागरी बुलेटिनमधल्या एका समुद्रभागाला २००२ पासून 'फिट्झरॉय' हे नाव आहे.