डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे आईबाप

आफ्रिका खंडाचा नकाशा उघडला म्हणजे झांबेझी नदीवरील प्रचंड धबधब्याजवळ लिव्हिंग्स्टन नांवाचें एक शहर दिसतें. तें कोणाच्या स्मरणार्थ आहे हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच नकाशांत, मलावी देशामध्यें, ब्लांटायर नांवाचें दुसरें एक शहर आहे. तें नांव मात्र मनुष्याचें नव्हे. स्कॉटलंडांत क्लाइड नदीच्या कांठीं त्या नांवाचें एक गिरणीचें गांव आहे, तेथें डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म झाला, म्हणून १८७६ सालीं स्कॉच मिशनऱ्यांनीं आपल्या नव्या ठाण्यास तेंच नांव दिलें. लिव्हिंग्स्टन यांच्या प्रवासांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही येथें मुख्यत्वेंकरून त्या गांवांतील एका खोलीविषयीं व तींत राहणाऱ्या दोन माणसांविषयीं लिहिणार आहों.

ती खोली गिरणीच्या मजुरांसाठीं बांधलेल्या चाळींत होती. बाप नील व आई अग्नेस. त्यांना सात अपत्यें झालीं, पैकीं दोन बालपणींच गेलीं. डेव्हिड हा दुसरा मुलगा. त्याचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं झाला. स्वयंपाक, जेवण, झोंप, अभ्यास व प्रार्थना हें सारें त्या एका खोलींतच होत असे. नील हे गांवोगांव हिंडून चहा विकीत. हा धंदा करून कित्येकांनीं बरा पैसा जोडला असेल, पण नील यांचा सचोटीचा कांटा इतका बारीक होता कीं, त्यांच्या हातीं पैसा कधीं टिकला नाहीं. चहाच्या पुड्यांबरोबर ते धर्मपर पत्रकें वांटीत, रविवारच्या शाळेंत मुलांना शिकवीत, व मद्याला शिवत नसत. त्यांच्या घराण्यांत अशी एक आठवण सांगत कीं, एका पूर्वजानें मरतेसमयीं मुलांना जवळ बोलावून सांगितलें होतें कीं, आपल्या कुळाचा सर्व वृत्तांत मीं शोधून पाहिला, त्यांत अप्रामाणिक मनुष्य एकही आढळला नाहीं. तुमच्यापैकीं कोणी तसा निघाल्यास तो दोष रक्ताचा समजूं नये. नील यांनीं मुलांना ठेवण्यासाठीं याहून निराळी इस्टेट मिळविली नाहीं.

नील यांची शिस्त कडक होती. अंधार पडतांच घराचें दार बंद होई, व त्यापूर्वीं प्रत्येक मुलानें घरांत असलें पाहिजे असा नियम होता. एकदां डेव्हिडला उशीर झाला. दाराला अडसर लागलेला पाहून त्यानें हांक मारली नाहीं, कीं दार ठोठावलें नाहीं; कोठूनसा भाकरीचा तुकडा मिळवून तो रात्र काढण्याच्या तयारीनें उंबऱ्यावर स्वस्थ बसला. आईनें बाहेर डोकावून पाहिलें तेव्हां तो तिला तेथें सांपडला. बापाचा नियम मुलाला जाचक वाटला असेल, पण अन्यायाचा वाटला नाहीं, हें या गोष्टींत आम्हांस विशेष वाटतें. जो नियम करणारा स्वतः नियमानें वागतो त्याच्यावर मुलें सहसा रुसत नाहींत.

दहाव्या वर्षीं, म्हणजे १८२३ सालीं, डेव्हिडला कापसाच्या गिरणींत तुटलेले धागे जोडण्याच्या कामावर घालण्यांत आलें. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत काम असे. पहिला पगार त्यानें आईच्या ओटींत टाकला. त्यांतूनच थोडा भाग घेऊन त्यानें लॅटिन व्याकरणाचें एक पुस्तक विकत आणलें. आठ वाजतां गिरणी सुटली म्हणजे दहापर्यंत रात्रीची शाळा, व तेथून घरीं आल्यावर पुन्हां वाचन. मध्यरात्र उलटूं लागली म्हणजे आई उठून हातांतलें पुस्तक काढून घेई. दिवसा तो पुस्तक यंत्राच्या चौकटीवर उघडें ठेवी, व येतांजातां एकेक वाक्य टिपून घेई. हल्लीं मुलाला अभ्यासास बसविण्यासाठीं आईबापांना जागावें लागतें. अग्नेसबाईंना निजविण्यासाठीं जागावें लागे!

या घरांत वाद नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. डेव्हिडला प्रवासवर्णनें व शास्त्रीय विषयांचीं पुस्तकें प्रिय, तर अशा वाचनानें धर्मश्रद्धा ढळेल अशी नील यांना धास्ती. त्यांनीं एक धर्मपर ग्रंथ वाचावयास दिला असतां मुलानें साफ नाकारला, व छडीचा प्रसाद खाल्ला. बापाच्या हातचा तो शेवटचा मार. पुढें टॉमस डिक यांचा एक ग्रंथ त्याच्या हातीं पडला, व धर्म आणि सृष्टिविज्ञान हीं परस्परांचीं वैरी नव्हेत असें त्याला त्यांत आढळलें. आमच्या मतें येथें बापाची चूक होती. परंतु मुलानें बापाचें मत टाकलें तरी बापाचा देव टाकला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नुसत्या उपदेशावर वाढलेला मुलगा अशा वेळीं दोन्हीही टाकून मोकळा झाला असता. नील यांचें वागणें त्यानें रोज पाहिलें होतें, व तें खोडून काढण्याजोगें कांहीं कोणत्याही पुस्तकांत त्याला मिळालें नाहीं.

१८३४ सालीं चीन देशासाठीं वैद्यकी जाणणारे मिशनरी हवेत असें एक आवाहन नील यांनीं घरीं आणलें. तेथून मुलाचा मार्ग ठरला. १८३६ च्या हिवाळ्यांत बापलेक बर्फांतून चालत ग्लासगो येथें गेले, व स्वस्त बिऱ्हाड शोधीत दिवसभर फिरले. उन्हाळ्यांत गिरणींत मजुरी करावी व हिवाळ्यांत कॉलेजची फी भरावी, असा क्रम चालला. चीनमध्यें अफूचें युद्ध पेटल्यामुळें तिकडचा बेत राहिला व आफ्रिका ठरली.

नोव्हेंबर १८४० मध्यें वैद्यकीची परवानगी मिळतांच डेव्हिड एका रात्रीपुरता घरीं आला. रात्रभर बोलत बसूं असें तो म्हणाला, पण आईनें ऐकलें नाहीं. तरी मध्यरात्रीपर्यंत बापलेक बोलतच होते. पहांटे पांचाला सर्व उठलीं, आईनें कॉफी केली, मुलानें दोन स्तोत्रें वाचून प्रार्थना केली, व बापलेक ग्लासगोच्या वाटेला लागले. तेथें धक्क्यावर दोघांनीं निरोप घेतला. नील एकटेच परत फिरले. त्या दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं.

लिव्हिंग्स्टन आफ्रिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडीत असतां, फेब्रुवारी १८५६ मध्यें, नील वारले. डिसेंबरांत जगप्रसिद्ध होऊन मुलगा घरीं आला, तेव्हां शेकोटीजवळची वडिलांची खुर्ची रिकामी होती. ती पाहून, सिंहाच्या जबड्यांतून वांचलेला तो धीट पुरुष ढळढळां रडला.

आतां एक गोष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे, कारण ती गाळल्यास हें चरित्र खोटें होईल. जें घर लिव्हिंग्स्टन यांना लाभलें तें त्यांच्या स्वतःच्या मुलांना लाभलें नाहीं. १८५२ सालीं त्यांनीं पत्नी मेरी व चार मुलें यांना केप टाउनहून विलायतेस पाठविलें. मेरीबाई कांहीं दिवस सासूसासऱ्यांपाशीं राहिल्या, पण तेथें जमलें नाहीं. नंतरचीं चार वर्षें त्यांनीं ओढगस्तींत काढलीं. १८६२ सालीं झांबेझीकांठीं त्यांचा अंत झाला. थोरला रॉबर्ट अमेरिकेस गेला, नांव बदलून तेथील यादवी युद्धांत उत्तरेकडील सैन्यांत शिरला, व १८६४ च्या डिसेंबरांत, अवघ्या अठराव्या वर्षीं, शत्रूच्या कैदखान्यांत मरण पावला. मुलांशीं खेळावयास आपण वेळ काढला नाहीं याची खंत लिव्हिंग्स्टन यांना पुढें जन्मभर राहिली. त्यांच्या कार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण घर हें दुरून चालवितां येत नाहीं, व थोर पुरुषाची कीर्ति त्याच्या मुलांच्या उशाशीं बसून पुस्तक काढून घेत नाहीं.

जून १८६५ मध्यें अग्नेसबाई वारल्या. आपल्या मुलांपैकीं एकानें तरी आपल्याला मूठमाती द्यावी अशी त्यांची इच्छा होती. त्या वेळीं डेव्हिड देशांतच असल्यामुळें ती पुरी झाली. हॅमिल्टन येथें आईबापांच्या कबरीवर मुलांनीं दगड बसविला. गरीब व धर्मनिष्ठ आईबाप दिल्याबद्दल देवाचे उपकार मानतों, अशा आशयाचा लेख त्यावर आहे. गरीब पण धर्मनिष्ठ असें लिहावें, अशी सूचना लिव्हिंग्स्टन यांना करण्यांत आली होती. त्यांनीं ती मानली नाहीं. त्यांच्या लेखीं गरिबी ही कांहीं भरून काढावयाची उणीव नव्हती.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते आमच्या मुंबईस आले. त्यांची ही दुसरी खेप. १८६४ सालीं ते आपली छोटी आगबोट जेमतेम खलाशांनिशीं झांझिबारहून पंचेचाळीस दिवसांत मुंबईला घेऊन आले होते, व गुलामगिरींतून सोडविलेल्या चुमा आणि विकटानी या दोन मुलांना डॉ. विल्सन यांच्या शाळेंत ठेवून गेले होते. आतां त्यांनीं त्या मुलांना बरोबर घेतलें. नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनचा आश्रम होता. गुलामांच्या गलबतांवरून सुटका झालेलीं आफ्रिकन मुलें तेथें शिकत व धंदा शिकून तयार होत. त्यांतील नऊ तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर जानेवारी १८६६ मध्यें निघाले. सगळे कांहीं टिकले नाहींत. कित्येक अर्ध्या वाटेंतून परतले. पुढें १८७२ सालीं शरणपूरचेच आणखी कांहीं तरुण त्यांना जाऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराइट हा होता.

१ मे १८७३ रोजीं पहांटे, हल्लींच्या झांबियांतील चितांबो यांच्या गांवीं, नोकरांना आपले धनी बिछान्यापाशीं गुडघे टेकलेल्या स्थितींत मृत आढळले. त्यांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरण्यांत आलें. त्या प्रसंगीं उत्तरक्रियेची उपासना जेकबनें वाचली, व झाडाच्या खोडावर त्यानेंच नांव कोरलें. नंतर सूसी, चुमा, जेकब व इतर मंडळींनीं तो देह सुमारें हजार मैल वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. झांझिबार येथील गुलामांचा बाजार, ज्याविरुद्ध लिव्हिंग्स्टन यांनीं इतकी वर्षें लिहिलें, तो त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरानें, जून १८७३ मध्यें, बंद झाला होता.

१८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत, राजेरजवाड्यांच्या शेजारीं, चहा विकणाऱ्या नील यांच्या मुलाचा दफनविधि झाला. पेटी धरणाऱ्यांत शरणपूरच्या शाळेंत शिकलेला जेकब वेनराइट होता.