छंदांचा शास्त्रकार : माधव जूलियन

कवी म्हणून रसिकांना परिचित असलेले माधव त्र्यंबक पटवर्धन तथा माधव जूलियन हे मराठी छंदशास्त्राचे थोर अभ्यासक होते. २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे त्यांचा जन्म झाला. बडोदे व मुंबई येथे शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे प्राध्यापक झाले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते एक प्रमुख कवी.

१९२०च्या दशकाच्या मध्यास त्यांना फर्ग्युसन सोडावे लागले. १९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात नेमणूक होईपर्यंतचा काळ अस्थिरतेचा होता. पण लेखणी थांबली नाही. 'फार्सी-मराठी कोश' १९२५ मध्ये, 'विरहतरंग' १९२६ मध्ये आणि 'छंदोरचना' १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली.

'छंदोरचने'त त्यांनी मराठी पद्याचे तीन वर्ग स्पष्ट केले. लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त, मात्रांवर चालते ती जाती आणि केवळ अक्षरसंख्येवर उभा राहतो तो छंद. ओवी आणि अभंग या तिसऱ्या वर्गातले. मात्र नुसती मोजदाद त्यांना पुरेशी वाटली नाही. पद्य कानाला कसे जाणवते, हा त्यांचा खरा प्रश्न होता. भुजंगप्रयाताच्या चरणात चार 'य' गण, म्हणजे बारा अक्षरे असतात. परंतु लघु-गुरु-गुरु हा प्रत्येक गण पाच मात्रांचा असल्याने चरणात पाच मात्रांची चार आवर्तने ऐकू येतात. अशा आवर्तनांच्या आधारे त्यांनी लयीची उकल केली. आठ मात्रांची पद्मावर्तनी व सहा मात्रांची भृंगावर्तनी या संज्ञा पुढील अभ्यासकांनीही स्वीकारल्या.

हे शास्त्र त्यांनी स्वतःच्या काव्यातही उतरविले. फार्सीतील गझल आणि रुबाई त्यांनी मराठीत रुजविली. 'गज्जलांजलि' १९३३ मध्ये, तर सुनीतांचा संग्रह 'तुटलेले दुवे' १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी फार्सी शब्द सढळपणे वापरणारा हा कवी पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला, हे त्यांच्या जीवनातील एक मोठे वळण होय.

१९३६ च्या जळगाव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 'छंदोरचने'ची सुधारून वाढविलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली आणि त्या ग्रंथासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. पदवी दिली. या गौरवानंतर त्यांना फार काळ लाभला नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी कवितेच्या लयीचा विचार करणाऱ्याला मात्र आजही 'छंदोरचने'कडे वळावेच लागते.